राक्षसी मुंग्यांचे सिनेमे कसे पाहावेत

सुरुवात 'देम!'पासून करा. या प्रकारातला दुसरा कुठलाही सिनेमा त्याच्याआधी नको.

वॉर्नर ब्रदर्सचा १९५४ सालचा सिनेमा, दिग्दर्शक गॉर्डन डग्लस, ब्लॅक अँड व्हाइट, साधारण दीड तासाचा. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अणुचाचणीच्या किरणोत्सर्गामुळे मुंग्या मोटारीएवढ्या वाढतात, एवढीच गोष्ट. पण बहुतेक लोक या सिनेमांकडे भलत्याच बाजूने येतात. इमारतीवर नाकतोडा चढतोय अशी अर्ध्या मिनिटाची क्लिप फोनवर येते, हसून होतं, विषय संपतो. मला ते बघवत नाही. मी मराठी मालिकांचं एडिटिंग करते. कमी पैसे, कमी दिवस आणि उद्या सकाळी एपिसोड द्यायचाय, या अवस्थेत माणूस काय काय शोधून काढतो हे मी रोज पाहते. अणुयुगातले हे किड्यांचे सिनेमे याच अवस्थेत तयार झाले आणि त्यांतल्या कित्येकांनी त्यातूनच कमाल केली. म्हणून माझी एकच सूचना आहे: प्रत्येक सिनेमात पैसा कुठे खर्च केलाय आणि कुठे वाचवलाय, ते शोधत पाहा. तेवढं जमलं की हे सिनेमे पुरते उघडतात.

आधी तयारी. टीव्हीवर पाहणार असाल तर मोशन स्मूदिंग नावाची सेटिंग बंद करा. ती चालू असेल तर जुना सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि स्टॉप मोशनची, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून फ्रेम-फ्रेमने केलेल्या हालचालीची, तर पार वाट लागते. रंगवलेली प्रत घेऊ नका. चित्र ताणून पडदा भरू नका. आणि हेडफोन किंवा बरे स्पीकर लावा, कारण या सिनेमांत निम्मा किडा कानांनीच पाहायचा असतो.

'देम!'मध्ये पहिली मुंगी दिसायला जवळपास अर्धा तास लागतो. हा अर्धा तास पुढे ढकलू नका. पोलिसांची गाडी वाळवंटातून चाललीय, वरून विमान घिरट्या घालतंय आणि एक लहान मुलगी तुटकी बाहुली कवटाळून एकटीच चालतेय. तिला हाक मारली तरी ती पाहत नाही. थोड्या अंतरावर एक घरगाडी उभी आहे, तिची एक बाजू फाटून बाहेर आलेली. पैसे मात्र जागच्या जागी. इथवर निर्मात्याचा खर्च किती? एक मोडलेली घरगाडी, वाऱ्याचे पंखे आणि एक गुणी बालकलाकार.

मग तो शॉट येतो. ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दाराशी पुरुषमंडळी बोलत उभी आहेत, आत स्ट्रेचरवर मुलगी पडलीय. वाऱ्यातून एक चिरका, थरथरता आवाज येतो. पुरुष वळून वाळवंटाकडे बघतात. त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या नकळत, ती मुलगी ताठ उठून बसते. आवाज थांबतो आणि ती पुन्हा आडवी होते. कुणाला काही कळलेलं नसतं, फक्त आपण पाहिलेलं असतं. एकाच फ्रेममध्ये पुढे मोठी माणसं, मागे मुलगी, मध्ये कट नाही. मी असते तर तिच्या चेहऱ्यावर क्लोजअप टाकायचा मोह मला आवरला नसता, असं वाटतं. डग्लसने तो टाळला आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. हा प्रसंग थांबवून पुन्हा पाहा.

माझा भाचा पहिल्यांदा बसला तेव्हा वीस मिनिटांत म्हणाला, "मावशी, मुंगी कधी येणार गं?" मी म्हटलं, "आवाज आला की मुलीकडे बघ." त्यानंतर तो मुंगीबद्दल विचारायचाच विसरला. कुणाला हा सिनेमा दाखवणार असाल तर एवढंच सांगा, जास्त नको.

मुंग्या इतक्या उशिरा का येतात, याचं एक कारण साधं आहे. पूर्ण आकाराची यांत्रिक मुंगी एकच होती, दुसरी नुसत्या पुढच्या अर्ध्या भागाची. त्यामुळे मुंगी नेहमी टेकडीच्या कडेवरून, धुळीतून, बोगद्याच्या वळणावरून डोकं काढते. मागचं अंग दिसू नये अशी कॅमेऱ्याची जागा निवडलेली आहे. पाहताना हाच खेळ खेळा: या शॉटमध्ये मुंगीचा कुठला भाग खरोखर बनवलेला होता? शेवटच्या लढाईत हे फार छान कळतं. ती लढाई लॉस एंजेलिसच्या पावसाळी पाण्याच्या प्रचंड गटारांत होते. जागा आयती मिळाली, अंधार आयता मिळाला. मूळ बेत रंगीत आणि थ्री-डी सिनेमाचा होता, तो ऐन वेळी बारगळला. म्हणूनच अख्ख्या काळ्यापांढऱ्या सिनेमात नाव तेवढं लाल-निळ्या रंगात झळकतं, आणि आगीचे लोळ अधूनमधून थेट आपल्या तोंडावर येतात.

आता तारखा मनात ठेवा, त्याशिवाय यातली भीती नीट पोचत नाही. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत जगातला पहिला अणुस्फोट झाला. सिनेमातल्या मुंग्या त्याच जागेच्या आसपास वाढलेल्या आहेत. १९५१ पासून नेवाडाच्या वाळवंटात, अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर, चाचण्या सुरू झाल्या. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि २३ खलाशी आजारी पडले. 'देम!' त्याच जूनमध्ये थिएटरात लागला. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाची धास्ती प्रेक्षक घरूनच घेऊन आला होता. एडमंड ग्वेनने केलेला म्हातारा शास्त्रज्ञ शेवटी जे बोलतो ते ऐका. पहिल्या बॉम्बमुळे या मुंग्या झाल्या, मग नंतरच्या सगळ्या बॉम्बमुळे काय होणार, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. राक्षस मेल्यावरही सिनेमा दिलासा देत नाही. त्याची मुलगीही कीटकशास्त्रज्ञ आहे आणि वारुळात उतरायचा हक्क ती भांडून मिळवते. १९५४ साठी हे थोडं नाही.

यानंतर लगेच 'टॅरंटुला' पाहा. युनिव्हर्सलचा, १९५५ चा, दिग्दर्शक जॅक अर्नोल्ड. कोळी आणि विंचू हे आठ पायांचे, शास्त्राप्रमाणे कीटक नव्हेत, पण सिनेमाच्या कुळात ते इथलेच. इथे बॉम्ब नाही. वाढत्या लोकसंख्येला अन्न पुरावं म्हणून एक शास्त्रज्ञ किरणोत्सारी घटक घालून पोषक द्रव्य बनवतो आणि ते टोचलेला कोळी प्रयोगशाळेतून सुटतो.

हा कोळी खरा आहे. यांत्रिक नाही, बाहुली नाही. जिवंत टॅरंटुला छोट्या बनवलेल्या जमिनीवर सोडायचा, हवेचे फवारे मारून हव्या त्या दिशेला चालवायचा आणि ते चित्र खऱ्या वाळवंटाच्या चित्रात बसवायचं, असं तंत्र होतं. आमच्या सेटवरच्या एका जुन्या लाइटदादांना मी त्यातला टेकडीवरचा शॉट दाखवला. ते म्हणाले, "ताई, किडा सोडा, उजेड बघा. टेकडीवर ऊन ज्या बाजूचं, कोळ्यावरही त्याच बाजूचं." मग मी प्रत्येक शॉट तसा पाहिला. जिथे उजेड जुळलाय तिथे कोळी खरंच तिथे आहे असं वाटतं. जिथे मॅटची, म्हणजे एका चित्रात दुसरं बसवायला कापलेल्या आकाराची, रेघ चुकलीय तिथे चालता चालता पायाचं टोक हवेत विरतं. दोन्ही शोधा. शेवटी नापाम (आग लावणारे बॉम्ब) टाकायला येणाऱ्या विमानाच्या वैमानिकाचा मुखवट्याआडचा चेहराही नीट पाहा. तो क्लिंट ईस्टवुड आहे, श्रेयनामावलीत नाव नसलेला.

आता दिग्दर्शक बर्ट आय. गॉर्डन. याच्याकडे पैसा जवळजवळ नव्हताच. पत्नी फ्लोराला सोबत घेऊन तो स्पेशल इफेक्ट स्वतः करायचा. त्याचा १९५७ चा 'बिगिनिंग ऑफ द एंड' हा या प्रकारातला सर्वांत चेष्टा झालेला सिनेमा असेल. शेतीखात्याचा शास्त्रज्ञ किरणोत्सर्ग वापरून मोठाली फळं-भाज्या पिकवतो, ती नाकतोडे खातात आणि इलिनॉयमधलं एक गाव रात्रीत नाहीसं होतं. पहिली वीस मिनिटं मन लावून पाहा. सैन्याने रस्ता अडवलाय, एक महिला पत्रकार विचारतेय, कुणी सांगत नाहीये. गाव गेलं, हे आपल्याला माणसांच्या तोंडूनच कळतं. मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे टोळधाड उतरली तेव्हा डबे-थाळ्या बडवणारे शेतकरी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना पिकावर पडणाऱ्या किड्याची भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मग नाकतोडे शिकागोत येतात आणि ती प्रसिद्ध क्लिप येते. इमारतीचा मोठा फोटो आडवा ठेवून त्यावर खरे नाकतोडे सोडलेले आहेत. एक जण चालत चालत इमारतीची कड ओलांडतो आणि आकाशावर पाय ठेवतो. होय, चूक ढळढळीत आहे. पण गॉर्डनच्या जागी उभं राहून बघा. नाकतोडे टेक्ससहून मागवलेले आणि ते पेटीत एकमेकांनाच खात सुटले, अशी त्याची हकिकत सांगतात. उरलेल्या नाकतोड्यांत शहर पाडायचंय. फोटो ही कल्पना मला आजही हुशारीची वाटते. गोष्टीतला पेचही साधा नाही: किडे मारायला सैन्य शिकागोवरच अणुबॉम्ब टाकायला निघालंय. अखेर नाकतोड्यांचाच आवाज स्पीकरवरून वाजवून त्यांना मिशिगन सरोवरात उतरवतात. आवाजाने जिंकलेली लढाई! कमी बजेटच्या निर्मात्याला याहून सोयीचा शेवट सुचणार नाही आणि तो शोभतोही.

'द ब्लॅक स्कॉर्पियन', १९५७, यात पैसा कुठल्या रिळाला संपला ते अक्षरशः पडद्यावर दिसतं. स्टॉप मोशन विलिस ओब्रायन आणि पीट पीटरसन यांचं. ओब्रायन म्हणजे १९३३ च्या 'किंग काँग'चा जादूगार. मेक्सिकोत ज्वालामुखीमुळे जमीन दुभंगते आणि खालून विंचू बाहेर येतात. गुहेतला प्रसंग आणि आगगाडी रुळांवरून घसरल्यावर विंचू माणसं टिपतात तो प्रसंग, हे दोन्ही लहान-मोठ्या सगळ्यांना दाखवा. एकेक फ्रेम हाताने हलवून आठ पाय, नांगी आणि आकडे असे जिवंत केलेत की डोळे दिपतात. आणि मग शहरात विंचू येतो तो नुसता काळा आकार! खाली रस्त्यावर माणसं पळताहेत आणि वर सपाट काळी सावली सरकतेय. मॅट कापून ठेवलेली, तिच्यात विंचू भरायला पैसे उरले नाहीत. लाळ गाळणाऱ्या विंचवाच्या तोंडाचा एकच क्लोजअपही पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो ते मोजायचं काम मुलांना द्या, एडिटिंग म्हणजे काय ते त्यांना त्यातून कळेल.

'द डेडली मँटिस' पाहिला नाही तरी चालेल. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून सुटलेला अवाढव्य प्रार्थनाकीटक दक्षिणेकडे उडत येतो. अर्धाअधिक सिनेमा रडार, विमानं आणि लष्कराची तयार दृश्यं जोडून उभा केलाय. सोव्हिएत बॉम्बफेक्यांच्या धास्तीने अमेरिकेने उत्तरेला रडारच्या रांगा कशा उभ्या केल्या, हे मात्र त्यात चांगलं समजतं. 'मॉन्स्टर फ्रॉम ग्रीन हेल' मी कुणाला सुचवत नाही. अंतराळातून परतलेल्या गांधीलमाश्या आफ्रिकेत वाढतात, पण जुन्या सिनेमातले तुकडे लावून लावून लांबवलेली पायपीटच त्यात जास्त, आणि आफ्रिकी माणसं नुसती ओझी वाहायला.

आवाजाबद्दल थोडं. 'देम!'मधल्या मुंग्यांच्या आवाजात झाडावरच्या बेडकांचं रेकॉर्डिंग मिसळलेलं आहे. त्याच सिनेमात माणसाची एक विशिष्ट किंकाळी ऐकू येते. ती १९५१ च्या एका सिनेमासाठी रेकॉर्ड झाली, स्टुडिओच्या आवाजांच्या संग्रहात पडून राहिली आणि पुढे 'स्टार वॉर्स'पर्यंत पोचली. आमच्याकडेही दाराची करकर आणि विजेचा कडकडाट अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. एखादा प्रसंग डोळे मिटून ऐका, मग म्यूट करून पाहा. भीती नेमकी कुठे भरलीय ते लगेच सापडेल.

हे सगळं नीट समजायचं असेल तर एक शॉट स्वतः घ्या. फोन पुरतो. गॉर्डनची फोटोची युक्तीच वापरा, फक्त सुधारून. इमारतीचा फोटो ए-थ्री आकारात बिनचमकेच्या कागदावर छापा. ग्लॉसी घेतला तर दिव्याची चमक पडते. आकाश कापून टाका, इमारत जाड पुठ्ठ्यावर चिकटवून उभी करा आणि तिच्या मागे हातभर अंतरावर आकाशाचा वेगळा कागद लावा. म्हणजे किडा कडेवर पोचला तरी आकाशावर चालणार नाही. दिवा एकच, फोटोतलं ऊन ज्या बाजूचं त्याच बाजूला. कॅमेरा जमिनीलगत ठेवा, किड्याच्या डोळ्यांपेक्षा खाली. वरून घेतलात की किडा किडाच दिसतो. जमिनीला वाळू वापरू नका, तिचे कण दगडांएवढे दिसतात. बारीक चाळलेली रांगोळी उत्तम.

आणि वेग! मोठी वस्तू आपल्याला संथ हलताना दिसते, म्हणून छोटी वस्तू मोठी भासवायची तर ती स्लो मोशनमध्ये दाखवावी लागते. हिशेब असा: जितके पट मोठं दाखवायचं, त्याच्या वर्गमुळाइतके पट वेग कमी करायचा. पाच सेंटिमीटरचा नाकतोडा सहा मीटरचा भासवायचा तर तो १२० पट, वर्गमूळ सुमारे ११. फोनवर सेकंदाला २४० फ्रेम घ्या आणि २४ च्या वेगाने चालवा, दहा पट संथ होतं, काम भागतं. त्यासाठी उजेड मात्र भरपूर लागतो. एलईडी वापरा, तापणारा दिवा नको, किडा भाजतो. काम झालं की नाकतोडा जिथून आणला तिथेच सोडून या.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: एवढी मुंगी खरंच होऊ शकेल का? जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ मध्येच याची उकल सोपी करून लिहिली होती. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. लांबी दहापट केली तर पायाच्या जाडीचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, वजन मात्र हजारपट. पाय मोडतील. शिवाय कीटकांना फुप्फुसं नसतात, अंगावरच्या छिद्रांतून नळ्यांवाटे हवा आत जाते आणि एवढ्या मोठ्या शरीराला ती पुरत नाही. किरणोत्सर्गाने जनुकं बदलतात हे मात्र खरं. हर्मन म्युलरने १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण टाकून ते दाखवलं आणि १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पटकथाकारांनी हा खरा धागा धरून पुढची उडी मारली. हे उत्तर सिनेमा संपल्यावर द्या, मध्ये देऊ नका.

चार माणसं जमवून पाहायचं असेल तर एका बैठकीत दोन सिनेमे लावा. अमेरिकेत त्या काळी ड्राइव्ह-इन थिएटरांत एकाच तिकिटावर दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती आणि हे सिनेमे त्या हिशेबानेच सव्वा-दीड तासाचे बनत. आधी 'देम!', मध्ये चहा-खाणं, मग 'द ब्लॅक स्कॉर्पियन'. उलटं केलंत तर काळ्या सावलीवर हसून झालेले लोक ॲम्ब्युलन्सच्या शॉटलाही हसायच्या तयारीत बसतील.

शेवटचा सिनेमा म्हणून जपानी 'मॉथ्रा' ठेवा, १९६१ चा, इशिरो होंडाचा, पूर्ण रंगीत. अणुचाचण्या झालेल्या एका बेटावरचा अजस्र पतंग. एक लोभी माणूस बेटावरच्या दोन इवल्याशा मुली पळवून स्टेजवर गाणं म्हणायला लावतो आणि मॉथ्रा त्यांना परत न्यायला येते. शेवटी ती मरत नाही. मुली मिळाल्या की ती बेटावर निघून जाते. अमेरिकी सिनेमांनंतर हे पाहिलं की फरक किती मोठा आहे ते आपोआप कळतं, कारण अणुबॉम्ब अंगावर झेललेल्या देशात राक्षसाकडे पाहायची नजरच वेगळी होती. जपानी आवाजात, सबटायटल लावून पाहा. अमेरिकेत इंग्रजी डबिंग करून लावलेली प्रत कापून लहान केलेली आहे.